हरलेल्यांनी वाढायचं

टक्.

फ्रिजवर ठेवलेला नारळ तडकला. घरात दुसरा आवाज नव्हता. धाकटा दूध पिता पिता माझ्या मांडीवर झोपला होता, टीव्ही मी मुका करून ठेवला होता, आणि सिया हॉलमधल्या गालिच्यावर आपल्या खेळण्यातल्या ताटल्या मांडत बसली होती. हीटर सुरू झाला की इथली हवा अशी कोरडी पडते की ओठ फुटतात, दारं आक्रसतात. नारळही तडकणारच. तरी मी दचकले.

तो नारळ शैलजाकाकूंचा. सत्काराची शाल त्या सोबत घेऊन गेल्या आणि नारळ माझ्याकडे ठेवून गेल्या. चटणी कर म्हणाल्या होत्या. माझ्याच्यानं झाली नाही.

आज शनिवार, आमच्या युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉलची मॅच गावातच आहे. वारा इकडचा असला की स्टेडियमचा गजर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. आज वारा इकडचाच आहे, आणि गजर नाही.

आमचं गाव एल्डन. गावापेक्षा गावचं स्टेडियम मोठं आहे. मॅचच्या दिवशी गावात राहतात त्याहून जास्त माणसं त्यात बसतात. या गावात चाळीसेक मराठी घरं. त्यातलं सगळ्यात जुनं घर काकूंचं. मोरेश्वरकाका युनिव्हर्सिटीत मृदाशास्त्र शिकवायचे. ते गेले, मुलगा निहार शॉमबर्गला स्थायिक झाला, आणि काकू मागे राहिल्या त्या स्टँड बाराच्या आधारावर.

स्टेडियममधले खाण्याचे स्टँड तेव्हा युनिव्हर्सिटी गावातल्या संस्थांना चालवायला द्यायची. एक चर्चवाल्यांकडे, एक हायस्कूलच्या बँडकडे, आणि उत्तरेच्या कमानीखालचा बारा नंबर आमच्या मराठी मंडळाकडे. काम करायचं फुकट, विक्रीतला वाटा संस्थेला. त्या वाट्यावर आमच्या मराठी शाळेच्या हॉलचं भाडं निघायचं. जन्मात अंडंही न शिवलेल्या काकू तिथे हातमोजे चढवून, अंबाड्यावर युनिव्हर्सिटीची मरून रंगाची टोपी दाबून हॉट डॉग विकायच्या. आत कशाचं मांस असतं हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. घरी गेल्यावर मात्र डोक्यावरून अंघोळ.

काउंटरखाली त्यांचा स्टीलचा डबा असायचा. त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा. नेहमीच्या गिऱ्हाइकानं दोन बोटं वर केली की हॉट डॉगवर दोन चमचे. ते लोक त्याला शेलाज सॉस म्हणायचे. बाहेर कडाक्याची थंडी, तांबडेलाल झालेले आडदांड पुरुष नाक पुसत, डोळे पुसत काकूंना थँक यू म्हणतायत, आणि काकू त्यांच्याकडे न बघता पुढच्याला म्हणतायत, "नेक्स्ट प्लीज, स्वीटी." सियानं बोलायला लागल्यावर जी पहिली वाक्यं उचलली त्यातलं हे एक.

काकू प्रेमळ होत्या असं मात्र कुणी म्हणणार नाही. मी लग्न होऊन इथे आले आणि पहिल्यांदा स्टँडवर उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "कॉम्प्युटर इंजिनिअर ना तू? मग हे चीजचं बटण दाबायला जमेल तुला." तीन मॅचेस मी फक्त पातळ चीज सोडणाऱ्या यंत्राचं ते बटण दाबलं. पण सिया झाली आणि माझ्या आईला व्हिसाची तारीख मिळेना, तेव्हा याच बाईनं सव्वा महिना रोज सकाळी येऊन तिला तेल लावून न्हाऊ घातलं, धुरी दिली, माझ्या पोटाला पट्टा बांधला. बांधता बांधता टोमणे मारत होत्या. आम्ही पुण्याच्या मुली फार नाजूक, असं त्यांचं मत होतं. मी रडायला लागले की म्हणायच्या, रड, दूध येतं. सिया त्यांना स्टँड-आजी म्हणते.

आणि एक गोष्ट. इतकी वर्षं त्या प्रत्येक मॅचला स्टेडियममध्ये होत्या, पण मॅच त्यांनी एकदाही पाहिली नव्हती. बारा नंबरला मैदानाकडे खिडकी नव्हती. वरच्या काँक्रीटमधून गजर झिरपत यायचा तेवढाच.

आमच्यापासून दोन तासांवर वॉरन नावाचं गाव आहे. तिथली युनिव्हर्सिटी वॉरन टेक. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात एल्डन आणि वॉरनची मॅच व्हायची, शंभरएक वर्षं झाली असतील. त्या रात्री दोन्ही गावांतली मराठी माणसं एका चर्चच्या हॉलमध्ये जमायची आणि पंगत बसायची. नियम एकच: हरलेल्या गावानं वाढायचं, जिंकलेल्या गावानं बसायचं. ही मोरेश्वरकाकांची टूम, असं काकू सांगायच्या. हरलेले आपला सूड आग्रहानं उगवायचे. जिलबीवर जिलबी, नको नको म्हणणाऱ्याच्या पानात मुद्दाम चार जास्त. टाकायचं नाही हाही नियमच. जिंकलेले लोक पोट धरून घरी जायचे.

वॉरनच्या स्टेडियममधला मराठी स्टँड मंजुषाताई चालवायच्या. त्या दातांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. काकूंचं आणि त्यांचं कधी जमलं नाही, आणि एकमेकींशिवाय कधी चाललंही नाही. मंजुषाताईंच्या भाताची शितं मोजता येतात, असं काकू म्हणायच्या. काकूंच्या भाताची खीर करता येते, असं मंजुषाताई म्हणायच्या. मग दोघी एकत्र भांडी घासायला बसायच्या.

मग ती भानगड सुरू झाली.

कॉन्फरन्स म्हणजे काय ते विक्रमनं, माझ्या नवऱ्यानं, मला लग्न झाल्या झाल्या नकाशा काढून समजावलं होतं. मला काही कळलं नाही. काकूंनी एका शब्दात सांगितलं: भावकी. दहा-बारा युनिव्हर्सिट्यांची भावकी. आपसात भांडायचं, ढाल आपसातच फिरवायची, आणि टीव्हीवाले जे देतील ते सगळ्या घरांनी वाटून खायचं. पुढे टीव्हीवाल्यांच्या लक्षात आलं की लोक बघतात ती या भावकीतली तीन-चार घरंच. दूरच्या एका बड्या भावकीनं त्या घरांना बोलावणं धाडलं, इकडे या म्हणून. आम्ही बोलावलेल्यांत होतो. वॉरन टेक नव्हतं. शंभर वर्षांची मॅच बंद झाल्याचं एका लहानशा निवेदनात सांगून टाकलं: वेळापत्रकात जागा नाही.

आमच्याकडे जल्लोष झाला. मंडळाचा अध्यक्ष संग्राम घरं विकण्याच्या धंद्यात आहे. गावातल्या निम्म्या बाकांवर त्याचा हसरा फोटो असतो. त्यानं आपल्या अंगणात मोठा स्क्रीन लावला. आता आपली मॅच अख्खा देश बघणार, आता मंडळानंही आपली लेव्हल वाढवली पाहिजे, असं तो म्हणाला. विक्रम त्याच्या शेजारी उभा राहून मान डोलावत होता. काकू खूश होत्या, स्टँडला गर्दी वाढणार म्हणून.

जुन्या भावकीतली शेवटची मॅच मागच्या नोव्हेंबरात झाली. आम्ही जिंकलो. वॉरनची माणसं वाढायला आली. दरवर्षी येतात त्याच्या निम्मीच आली होती, आणि गप्प होती. मंजुषाताई जिलबीची परात घेऊन पंगतीतून येत होत्या. त्या काकूंच्या पानापाशी वाकल्या तेव्हा काकू मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"नीट वाढ गं मंजुषा, हाताची सवय मोडू देऊ नकोस. पुढच्या वर्षी तुम्हांला वाढायला माणूसच मिळायचं नाही."

आमची बाजू खो खो हसली. विक्रमला तर ठसका लागला. मंजुषाताईंनी काकूंच्या पानात दोन जिलब्या ठेवल्या, मग आणखी दोन, आणि पुढच्या पानाकडे गेल्या. त्या रात्री त्या भांडी घासायला थांबल्या नाहीत. मी पोटुशी होते, माझ्यासाठी काकूंनी त्यांच्याकडून जिलब्या बांधून घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी खाल्ल्या. छान होत्या.

उन्हाळ्यात स्टेडियमभोवती क्रेन उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावर काचेचा क्लब लाउंज झाला. माझी डिलिव्हरी जूनमध्ये झाली, त्यामुळे मीटिंगांना मी नव्हते. विक्रम जायचा आणि आल्यावर सगळं ठीक चाललंय म्हणायचा. ऑगस्टमध्ये संग्राम घरी आला, बाळाच्या हातात शकुनाचं पाकीट ठेवलं, आणि म्हणाला की सीझन सुरू व्हायच्या आधी मंडळ शैलजाकाकूंचा सत्कार करतंय. मानपत्र मी लिहावं. "तू छान लिहितेस, वैदेही. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

मी ते बाळाच्या झोपांमध्ये लिहिलं. एक परिच्छेद सकाळचा, एक दुपारचा. ठेचा घातला, टोपी घातली, सव्वा महिन्याच्या तेलपाण्याबद्दल लिहिलं. माझं शेवटचं वाक्य असं होतं की, या गावात आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहिला घास काकूंच्या हातचा मिळाला आहे.

सत्काराला काकू नारायणपेठ नेसून आल्या. निहार शॉमबर्गहून गाडी चालवत आला होता. तो कितीतरी वर्षं त्यांच्या मागे लागला होता की घर विकून माझ्याकडे या, बेसमेंटमध्ये सुंदर खोली करून ठेवली आहे. काकूंचं उत्तर ठरलेलं, सीझन संपला की बघू. मग पुढचा सीझन यायचा. त्या दिवशी त्या मला हळूच म्हणाल्या, "बरं झालं हा आला. बघू दे त्याला, इथे मला कोण कोण विचारतं ते."

शाल झाली, नारळ झाला. संग्रामनं मानपत्र वाचायला घेतलं. तो चांगलं वाचतो. बायका खरंच डोळे टिपत होत्या. माझं शेवटचं वाक्य आलं आणि मी टाळ्यांसाठी बाळाला सावरून हात मोकळे केले.

संग्राम थांबला नाही. त्याच आवाजात, त्याच संथपणानं तो पुढे वाचत गेला. आणि म्हणूनच, या सीझनपासून काकूंना स्टँडच्या दगदगीतून मुक्त करून त्यांना मंडळाच्या कायमस्वरूपी मार्गदर्शक म्हणून घोषित करताना आम्हांला अभिमान वाटतो. युनिव्हर्सिटीनं सगळे स्टँड आता एका मोठ्या केटरिंग कंपनीकडे सोपवले आहेत. पण काकूंचं नाव राहणार आहे. क्लब लाउंजमध्ये शेलाज कॉर्नर सुरू होतोय. त्या बदल्यात कंपनी मंडळाला लाउंजमध्ये जागा देणार आहे. मग त्यानं खूण केली आणि मागचा पडदा सरकला. काकूंचा माणसाहून उंच फोटो, टोपीसकट. खाली हिरव्या अक्षरांत शेलाज.

लोक उभे राहिले. निहारही उभा राहून टाळ्या वाजवत होता, सगळ्यांत जोरात.

काकूंनी माइककडे हात केला. संग्रामनं तो आदरानं त्यांच्या तोंडापाशी धरला.

"मग बारा नंबर कोण बघणार?"

"काकू, बारा नंबर आता राहिलाच नाही," संग्राम म्हणाला, आणि लोक हसले.

काकूंनी शाल सारखी केली. हातातल्या नारळाकडे पाहिलं. "म्हणजे शाल पांघरून नारळ दिलात की मला."

इतका मोठा हशा त्या हॉलमध्ये मी कधी ऐकला नाही. काकूंचा विनोद म्हणून लोकांनी तो झेलला, पुन्हा टाळ्या झाल्या, आणि जेवणं सुरू झाली. काकू खुर्चीवर बसून राहिल्या. सिया त्यांच्या शालीच्या टोकाशी खेळत होती.

घरी जाताना गाडीत मी विक्रमला विचारलं, हे तुला माहीत होतं? तो म्हणाला, मला वाटलं तुला माहितीये, लिहिलं तर तूच. मग म्हणाला, यार वैदेही, बहात्तर वय आहे त्यांचं, उद्या तिथे पडल्या तर कोण जबाबदार? सगळे मोठे होतायत, आपणच किती दिवस हॉट डॉग विकत बसायचं? त्याचं म्हणणं तसं खोडून काढण्यासारखं नव्हतं. त्यामुळेच मला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी काकूंनी संग्रामला फोन केला. तो अगदी गोड बोलला. फक्त शेवटी म्हणाला की, काकू, तुम्ही ठेचा घरून करून आणायचात, ते नियमात बसत नव्हतं; कुणी तक्रार केली असती तर मंडळाची काय इज्जत राहिली असती? त्या ठेच्याचे सगळ्यात जास्त चमचे त्यानंच खाल्ले होते.

सत्काराच्या पाकिटात पहिल्या मॅचचं एक तिकीट होतं. काकूंनी आता निवांत बसून मॅच बघावी, अशी मंडळाची इच्छा. मी माझ्यासाठी आणि सियासाठी आणखी दोन काढली, बाळाला विक्रमकडे दिलं, आणि आम्ही गेलो. जागा सगळ्यात वरच्या मजल्यावर. प्रत्येक जिन्यावर काकू कठडा धरून थांबत होत्या. डोक्यावर टोपी, हातात पर्स. पर्स आरपार दिसणारी नव्हती म्हणून खाली दारावरच्या पोरानं ती अडवून तपासली होती आणि आतला स्टीलचा डबा बाहेर काढला होता. बाहेरचं खाणं चालत नाही, मॅम, म्हणाला. अगदी सभ्यपणे. ठेचा कचऱ्याच्या पिंपात गेला. रिकामा डबाही आत नेता येईना, म्हणून तोही पाठोपाठ गेला. काकूंनी डबा असा का आणला होता ते मी विचारलं नाही.

वर पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा मैदान पाहिलं.

"केवढं हिरवं आहे गं," त्या म्हणाल्या. "आपले कुठले?"

मी दाखवले. गजर उठला. वरून झिरपत नाही, चारही बाजूंनी. काकूंनी माझा दंड धरला आणि विचारलं, काय झालं? मलाही समजलं नव्हतं. शेजारच्या माणसानं सांगितलं की आपल्यावर टचडाउन झाला, हे समोरच्यांचे पाठीराखे ओरडतायत. त्या बड्या भावकीतली ती टीम आपली इतकी माणसं घेऊन आली होती. मध्यंतरापर्यंत काकूंनी तीनदा विचारलं, आपण जिंकतोय ना? सिया त्यांना दर वेळी इंग्लिशमध्ये खरं ते सांगत होती.

मध्यंतरात त्या बारा नंबरकडे निघाल्या. मी नको म्हटलं नाही. उत्तरेच्या कमानीखाली काउंटर नव्हता. काचेच्या दारांची कपाटं होती, प्रत्येकात कागदात गुंडाळलेले गार सँडविच, आणि शेवटी पैसे भरायचं यंत्र. माणूस एकही नाही. लोक काही न बोलता वस्तू उचलत होते, यंत्रासमोर धरत होते, जात होते. काकू रांगेत उभ्या राहिल्या. पाण्याची बाटली घेतली. यंत्रानं विचारलं, टिप किती देणार?

"कुणाला?" काकूंनी मला विचारलं.

तेवढ्यात मरून जॅकेट घातलेली एक बाई त्यांच्याकडे बोट दाखवून धावत आली. वरती पोस्टरवर पाहिलेली, अगदी तीच टोपी. यू आर द सॉस, ती म्हणाली, आणि नवऱ्याला फोटो काढायला सांगितला. तिच्या हातात लाउंजमधल्या सॉसची पुडी होती, त्यावर काकूंचा छोटा चेहरा. काकू हसल्या, फोटोला उभ्या राहिल्या, यस स्वीटी म्हणाल्या. ती गेल्यावर पुडी फोडून त्यांनी बोटावर थेंब घेतला आणि जिभेला लावला.

"गोड आहे," म्हणाल्या. उरलेली मॅच आम्ही पाहिली नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या. बाळाला पायांवर घेतलं, न्हाऊ घातलं, झोपवलं. मग माझ्या स्वयंपाकघरात बसून शेंगांच्या शिरा काढता काढता म्हणाल्या, मंजुषाला फोन लाव, स्पीकरवर लाव, माझे हात ओले आहेत.

काकूंना विनवणी करताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी आधी तब्येत विचारली, दवाखाना विचारला. वॉरनमध्ये पाऊस आहे का विचारलं. मग म्हणाल्या, तुमच्याकडे स्टँड अजून आपलाच आहे ना, माणसं कमी पडत असतील, शनिवारी मी येत जाईन, वैदेही सोडेल मला. हे मला त्यांनी आधी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं असतं. "मी मागे उभी राहीन गं. चीजचं बटण दाबीन. निहारला सांगायला काहीतरी हवं, नाहीतर तो मला नेतोच."



"काकू," मंजुषाताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आमचं स्टेडियम आता अर्धंही भरत नाही. स्टँडला मी एकटी असते, आणि तेवढ्याला एकटी पुरते. तुम्ही म्हणाला होतात ना, वाढायला माणूस मिळायचं नाही. तसंच झालं बघा."

मग, तब्येतीला जपा, गुडघ्यांना तेल लावत जा, असं सगळं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काकूंनी राहिलेल्या शेंगा निवडल्या. शिरा पेपरात गुंडाळल्या. "बरोबर बोलली," म्हणाल्या. उठून हात धुताना त्यांची पाठ माझ्याकडे होती. "दात काढताना भूल देते म्हणतात ही. मला नाही दिली."

काकूंच्या अंगणात घर विकाऊची पाटी लागली. पाटीवर संग्रामचा हसरा फोटो. निहारनंच त्याला काम दिलं होतं, आपला माणूस आहे म्हणून. काकू सकाळी दार उघडायच्या तेव्हा समोर तो हसत असायचा. एकदा मी गेले तर त्यांनी पाटीवर भांडी पुसायचं फडकं वाळत टाकलं होतं, बरोबर तोंडावर. संग्रामला कळल्यावर तो हसून म्हणाला, काकू म्हणजे काकूच. घर आठवड्यात विकलं गेलं. बड्या भावकीत गेल्यापासून गावात घरांना चांगली मागणी आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी निहार गाडी घेऊन आला. काकूंनी शाल अंगावरच घेतली होती. शॉमबर्गचं बेसमेंट गार असतं म्हणाल्या. मरून टोपी सियाच्या डोक्यावर घातली. ती तिच्या नाकापर्यंत आली. नारळ माझ्या हातात दिला. "हा गाडीत गडगडत बसेल. ठेव तू. चटणी कर." मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. माझ्या कमरेला चाचपून म्हणाल्या, पट्टा सोडलास वाटतं, पोट सुटेल.

आता दर शनिवारी मी फोन करते. मॅच बघता का विचारलं तर म्हणतात, निहारकडे ते चॅनल नाही. फोन फार वेळ चालत नाही. आज अजून केलेला नाही.

बाळाला खांद्यावर घेऊन मी नारळ खाली काढला. तो फ्रिजवर अर्धवट आडवा झाला होता, तड्यातून पाणी झिरपून फ्रिजच्या दारावर ओघळलं होतं आणि अर्धं वाळलंही होतं. टीव्हीवर आकडे दिसत होते. हा आठवडा वॉरनचा असायचा. आज समोर पॅसिफिक किनाऱ्यावरून आलेली कुठलीशी टीम होती आणि आम्ही फार मोठ्या फरकानं हरत होतो. कॅमेरा लाउंजवर गेला. काचेमागे माणसं पाठ करून खात उभी होती. त्यातला विक्रम कुठला ते मला ओळखता आलं नाही.

सिया येऊन माझ्या पायाशी उभी राहिली. तिनं नारळाच्या तड्यात बोट घालून पाहिलं आणि चाटलं. "ममा, आर वी लूझिंग?"

मी हो म्हटलं.

तिनं मान हलवली. याची तिला सवय झाली आहे. ती परत गालिच्यावर गेली. तिथे ताटल्या दोन रांगांत मांडल्या होत्या. एका रांगेत बाहुल्या, अस्वलं, एक ससा. हे जिंकलेले, ती मला सांगायला लागली, हे बसणार. आपण हरलो म्हणून आपण उभं राहायचं. तू, बाबा, बेबी, मी. तिनं प्लास्टिकचा डाव हातात घेतला. मग कोपऱ्यातली मरून टोपी उचलली, ती आधी बसणाऱ्यांच्या रांगेत एका रिकाम्या ताटलीपुढे ठेवली, थोडा विचार केला, उचलून आमच्या बाजूला आणली, आणि दोन्ही रांगांच्या मध्ये टोपी हातात धरून तशीच उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "स्टँड-आजीनं वाढायचं की बसायचं?"